उजवा खांदा आणि अवातिफ

३ फेब्रुवारी

फिक्रिया येत नाही!

तिची सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. तांताहून फोन — "इन्शिराह, मी काय करू गं, बाळ काचेच्या पेटीत आहे." सख्खी बहीण, काय बोलणार तिला? म्हटलं, देव बाळाला उदंड आयुष्य देवो. फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडले. बाळासाठी नाही. माझ्यासाठी. इथे कोण वाचतंय, खरं लिहायला काय हरकत आहे.

उजवा हात झोळीत, काखेत उशी, उशीला पट्टा, पट्टा कमरेला. गाढवावर खोगीर कसावं तशी मला कसलीय. डॉक्टर म्हणाले, "शिवण छान बसलीय. आता सहा आठवडे हा हात आपला नाही असं समजा." माझा नाही! तीस वर्षं या हातानं अर्ध्या मुहर्रम बेक मोहल्ल्यातल्या बायकांचे केस सरळ केले, त्यांच्या नवऱ्या झालेल्या मुलींचे केले, आता म्हणे आपला नाही.

आणि खांद्यातला स्नायू फाटला कशानं? पार्लरचं शटर ओढताना. आत जुनं फडकं फाटल्यासारखा आवाज झाला. बाहेर कुणाला ऐकू आला नाही, मला आला. मेरियन म्हणते तो आधीपासूनच झिजत आला होता, शटर फक्त निमित्त. मेरियन म्हणजे दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी, गळ्यात बारीक क्रूस, पकड मात्र कुस्तीगिराची. तीच म्हणाली, "बोटं आणि मनगट हलतं ठेवा मादाम. लिहा काहीतरी." म्हणून हे लिखाण. एरवी मला कुठला वेळ!

५ फेब्रुवारी

एका हातानं काय काय होत नाही — साखरेची बरणी उघडत नाही. हूक लागत नाही. भाकरीवर चीज लावायला गेलं की भाकरीच पळते. संडासचं तर लिहीतच नाही.

खाली पार्लरमध्ये ड्रायर चालू आहेत. जमिनीतून घरघर येते. माझ्या हाताखालची रीहाम सांभाळते सगळं. सकाळी वर येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका." तिनं असं म्हटलं की मला जास्तच काळजी वाटते.

मोताझचा कुवेतहून फोन. "आई, मी बघतो कुणीतरी." तिथून काय बघणार, दुर्बिणीतून?

६ फेब्रुवारी

आडवं व्हायची बंदी, आणि खुर्चीतली झोप ही झोप नव्हे. ती बसची वाट बघणं आहे.

८ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. साखळी उजव्या बाजूला, वर. डाव्या हातानं चाचपडत काढली. दार फटीएवढं उघडलं.

अवातिफ!

शौकीची बायको. आताची. बारा वर्षांपूर्वी शौकी मला सोडून जिच्याकडे गेला ती. लग्नाकार्यात लांबून दोनदा-तीनदा पाहिली असेल, इतक्या जवळून कधीच नाही. हातात फडक्यात बांधलेलं भांडं.

"मसुराचं सूप आहे, उम्म मोताझ." मोताझची आई म्हणाली मला, नाव घेतलं नाही.

"इथे कुणी मेलेलं नाही."

"मेलं असतं तर कडू कॉफी आणली असती."

तोंड तर बघा तिचं! विचारलं, कुणी पाठवलं? म्हणाली, "मोताझचा फोन आला होता घरी." म्हणजे बापाला सांगितलं पोरानं! आणि बापानं बायको पाठवली, दयेची वाटी देऊन. बघ, मी किती मोठ्या मनाचा!

मी दार आपटलं. आपटायला गेले, म्हणजे. डाव्या हातानं नीट आपटताही येत नाही. भांडं उंबऱ्यावर ठेवून ती जिना उतरून गेली.

सूप चांगलं होतं. जिरं जास्त.

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहू की नको.

थंडी फार. समुद्राकडून वादळ आलंय, खिडक्या थडथडतायत. म्हणून लोकरीचा जाड अंगरखा घालायला घेतला. डोकं आत गेलं, चांगला हात आत गेला, आणि पुढे काही जाईना. मागेही येईना. खाली रीहामला हाक मारली, ड्रायरपुढे कोण ऐकतंय. पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. पोतं घातलेल्या कोंबडीसारखी. खांद्यातून कळा.

आणि बाहेरून आवाज — "उम्म मोताझ? आत तुम्हीच आहात का?"

भांडं न्यायला आली होती. काल माझ्या हातून दार नीट लागलंच नव्हतं.

"हसू नकोस!"

"हसत नाहीये."

हसत होती. कापडातूनही कळतं.

पण तिनं ओढाताण केली नाही. हळूच बाही गोळा केली, डोकं सोडवलं, मग सांगितलं, "आधी दुखरा हात घालायचा, मग चांगला. काढताना उलटं. माझ्या आईला अर्धांग झालं होतं, सात वर्षं मीच घालायचे तिचे कपडे." तिनं मला कपडे घातले. हूकसुद्धा. मी भिंतीकडे बघत होते. बारा वर्षं मनातल्या मनात या बाईला काय काय बोललेय मी, आणि ती माझ्या पाठीवर हूक लावतेय!

जाताना म्हणाली, "उद्या येते." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१२ फेब्रुवारी

केस धुतले. म्हणजे तिनं धुतले. देवा रे! ही काय पद्धत झाली? टाळूवर सगळा शॅम्पू ओतला, टोकांना काहीच नाही. पाणी आधी गार मग चटका. नखं लावते.

"हात आहेत की लाटणी?"

"आजवर कुणी तक्रार केली नाही."

"ज्याचे धुतेस त्याच्या डोक्यावर केस आहेत का?"

एवढं बोलून जीभ चावली. पण ती मोरीच्या कडेला टेकून अशी हसली की तांब्या हातातून सुटला. माझी बँडेजची पट्टी भिजली. मग तिची धावपळ, टॉवेल, माझी आरडाओरड. शेवटी केस अर्धवट कोरडे करून घट्ट वेणी घातली. दिसतेय शाळेतल्या मुलीच्या आजीसारखी.

१५ फेब्रुवारी

मटारची गोठवलेली पिशवी खांद्यावर. यापेक्षा जास्त काही घडलं नाही.

१९ फेब्रुवारी

रमजान सुरू. गोळ्या तिन्ही वेळा खायच्यात, डॉक्टर म्हणाले रोजा नाही. वयात आल्यापासून रोजा चुकवला नाही — बाळंतपण सोडून. आज दुपारी स्वयंपाकघरात दार लावून चोरासारखी भाकरी खाल्ली. गोळी गिळली. इतका राग आला की ग्लास सिंकमध्ये आपटला. तो डाव्या हातानंसुद्धा फुटला, म्हणजे काहीतरी जमतंय.

अवातिफ तिसऱ्या प्रहरी येते, माझं उरकते, मगरिबच्या अजानला रोजा सुटतो, त्याच्या आत घरी पळते. शौकीला पहिला घोट वेळेवर लागतो, मला माहीत आहे. जर्दाळूच्या सरबताचा. पेला काठोकाठ भरलेला नसला तर तोंड वाकडं.

विचारलं नाही मी. तीही त्याचं नाव काढत नाही. दोघी असं वागतो जणू तो माणूस जन्मलाच नाही.

२७ फेब्रुवारी

दवाखाना. अवातिफ टॅक्सीतून बरोबर. मेरियन माझा हात हातात घेते, मी सैल सोडायचा, ती वर नेते. सैल सोडायचा! खांद्यातून कळा जात असताना सैल कसा सोडायचा? कमरेच्या थोडा वर गेला आणि मी तिला शिवी दिली. कोप्ट ख्रिस्ती मुलगी, शांतपणे म्हणाली, "याहून वाईट ऐकल्यात मादाम. घरी झोके घेता ना? वाकून, हात लोंबता सोडून?"

"घेते तर. रोज."

मागून आवाज — "खोटं बोलतात. दोन घेतात आणि खुर्चीत बसतात."

चुगलखोर! टॅक्सीत अवाक्षर बोलले नाही तिच्याशी. ती खिडकीतून ट्राम बघत बसली. उतरताना म्हणाली, "रागवा. पण झोके घ्या."

४ मार्च

घेतले झोके. तिच्या नाकावर टिच्चून घेतले. स्वयंपाकाच्या ओट्याला डावा हात टेकून, घंटेच्या लोलकासारखा उजवा हात हलवत. कुणी बघितलं तर म्हणेल बाईला वेड लागलं.

काही उपयोग नाही.

१४ मार्च

झोळी सुटली!!

वाटलं होतं आता हात परत मिळेल. मिळालं काय? बाजारात टांगलेला मासा. उचल म्हटलं की उचलत नाही. मी आज्ञा देतेय आणि तो बहिरा. त्याऐवजी खांदाच कानापर्यंत वर येतो. मेरियन म्हणते हे ठरलेलंच असतं, स्नायू विसरलेत, शिकवावं लागेल. त्रेपन्नाव्या वर्षी हाताला शाळेत घालायचं.

दारावर कप्पी लावायला दिली तिनं. दोरी, दोन मुठी. चांगल्या हातानं ओढायचं, दुखरा आपोआप वर जातो. आपोआप म्हणे!

१९ मार्च

उद्या ईद. आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस आज. तीस वर्षांत मी या दिवशी बसलेली नाही, एका पायावर उभी असायचे. दुपारी राहवलं नाही. जिना उतरून खाली गेले.

पार्लर भरलेलं. जिन्यापर्यंत बायका. रीहामनं खुर्च्या फिरवून लावल्यात, आरसा खिडकीसमोर. मला न विचारता! आणि — लिहायलाच हवं — उजेड चांगला पडतो तसा. मी पंधरा वर्षांत केलं नाही.

सगळ्या म्हणाल्या, हमदुलिल्लाह, इन्शिराह आली, बस, तुला कुठे रोजा आहे, ईदचं कहक खा. बसवली मला पाहुण्यासारखी. माझ्याच पार्लरमध्ये, हातात बिस्किटाची बशी! मादाम सुआद रीहामच्या खुर्चीत होत्या. वीस वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक. आरशातून मला म्हणाल्या, "सावकाश बरी हो गं. रीहामचा हात इतका हलका आहे, कळतच नाही केस ओढले ते."

म्हणजे माझ्या हाती वीस वर्षं कळत होतं!

रीहाम फोनवर बोलायला बाजूला झाली आणि मी ड्रायर उचलला. उजव्या हातानं. का उचलला माहीत नाही. कमरेपर्यंत आला, आणि वर न्यायला गेले तर खांद्यात आग. ड्रायर सुटला, मादाम सुआदच्या मांडीवर.

रीहामनं काही न बोलता ड्रायर उचलला. ते गप्प राहणं सगळ्यात वाईट.

वर आले ती तशीच बसलेय. फाटलं असणार परत. नक्की फाटलं.

२० मार्च

ईद. नवे कपडे नाहीत, नमाजाला गेले नाही. अवातिफ येणार नाही, तिच्याकडे पाहुणे. मोताझशी बोलले, सगळं छान आहे म्हटलं.

हात हलवायची भीती वाटते.

२४ मार्च

फाटलेलं नाही. मेरियननं सगळीकडून दाबून बघितलं, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी यंत्र फिरवून बघितलं. शिवण शाबूत. मग मेरियन जे बोलली! "मादाम, मी तुमच्यासाठी दोन महिने मेहनत करायची आणि तुम्ही शेजारणींना दाखवायला ड्रायर उचलायचा? पुढच्या वेळी फाटलं तर दुसरीकडे जा." एवढीशी मुलगी. मी मान खाली घालून ऐकलं.

बाहेर अवातिफ वाट बघत होती. विचारलं, "शाबूत?" म्हटलं, शाबूत. तिनं डोळे मिटून ओठ हलवले. नवस फेडत होती की काय कोण जाणे.

६ एप्रिल

आज भांडण. खरंखुरं.

कप्पीवर बसले होते. हात खांद्याच्या रेषेपर्यंत जातो आणि अडतो, गंजलेल्या दरवाजासारखा. तीन आठवडे तिथेच! अवातिफ मोजत होती आणि मला म्हणाली, "आणखी थोडा, लहान पोरगी आहात का?" डोकं फिरलं.

"पुरे! शौकीला जाऊन सांग, झालं त्याचं पुण्य पदरात. त्याचे उपकार नकोत मला. बारा वर्षं विचारलं नाही आणि आता बायको पाठवून मोठेपणा मिरवतो!"

तिनं दोरी सोडली.

"शौकीला? त्याला कशाला सांगू? त्याला माहीतच नाही मी इथे येते ते."

मला कळेचना.

"मोताझचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. शौकी म्हणाला, तुझी आई, तू बघ, माझा काय संबंध? आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला वाटतं मी बहिणीकडे जाते. तिचे गुडघे दुखतात असं सांगितलंय. बिचारीचे गुडघे ठणठणीत आहेत."

"मग तू का येतेस?"

"बघायला! बारा वर्षं ऐकतेय. मुलुखियाची पातळ भाजी केली की इन्शिराहची अशी नव्हती. शर्टाला इस्त्री केली की इन्शिराहची घडी अशी नव्हती. म्हटलं, एकदा बघू तरी ही बाई कोण आहे! आणि तू? तू मला उंबऱ्यातून हाकललंस, सूप ठेवून घेतलंस!"

तू म्हणाली मला. इतके दिवस तुम्ही, उम्म मोताझ, आणि आज तू.

बोलले ते भलतंच. म्हटलं, "माझ्या वेळी त्याच्या आईची मुलुखिया होती. इन्शिराह, आईची अशी नव्हती."

"मग? कशी होती आईची?"

"आईला येतच नव्हती. हिरवं पाणी."

ती आधी हसली. मग मीही. हसताना खांद्यात कळ येते, तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी.

ती गेल्यावर मात्र मन खट्टू झालं. कारण खरं हे आहे — दोन महिने मला कुठेतरी बरं वाटत होतं. वाटत होतं, चला, त्याला निदान लाज तरी वाटली. म्हणून बायकोला पाठवली. तर तसं काही नाही. टीव्हीचा आवाज वाढवला त्यानं. मोताझच्या तोंडावर. मोताझनं मला हे सांगितलं नाही, पोरगं एकटंच गिळून बसलं.

१३ एप्रिल

शम्म-अन्-नसीम, वसंताचा सण. सगळं शहर समुद्रावर. अवातिफनं खारवलेले मासे आणि पातीचा कांदा डब्यात भरून आणला, मला ओढून नेलं. कट्ट्यावर बसून खाल्लं. वास अंगाला दोन दिवस राहील. मी उजव्या हातानं कांदा तोंडापर्यंत नेला. तिनं पाहिलं. मी पाहिलं तिनं पाहिल्याचं. दोघी खात राहिलो.

२२ एप्रिल

आज अडला. काल जिथे गेला होता तिथेही जात नाही. का? मेरियन म्हणते एक पाऊल पुढे, अर्धं मागे. मला पाढे नकोत, हात हवाय!

३ मे

शौकी आला होता.

धापा टाकत जिना चढला. पोट सुटलंय. उरलेसुरले केस रंगवलेत, वाईट रंग, काळा कुळकुळीत, कानामागे डाग. कुणी केलं असेल हे? माझ्या मनात पहिलं तेच आलं.

"माझी बायको तुझ्या घरी मोलकरणीसारखी राबते?"

"मोलकरणीला पगार असतो, शौकी."

"तीन महिने! बहिणीच्या नावाखाली! काल साडू भेटला कॅफेत, गुडघे कसे आहेत विचारलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघतोय. सगळ्या टेबलासमोर! लोक काय म्हणतील? पहिलीनं दुसरीला नादी लावलं?"

"लोकांना सांग, तुझ्या मुलाच्या आईला कुणीतरी वाटीभर सूप दिलं. तू दिलं नाहीस हे नको सांगूस."

"आजपासून ती येणार नाही."

"ते तिला विचार."

"मला माझ्या घरात कुणाला विचारावं लागत नाही!"

हे वाक्य मी ओळखते. शब्द न शब्द. मी दार लावून घेतलं. या वेळी नीट लागलं. मग तिथेच जमिनीवर बसले.

६ मे

आली नाही.

९ मे

आली नाही. फोन बंद.

१५ मे

कप्पी एकटीनं. दोरी अडकते, मूठ सुटते, खाली पडली की वाकून उचला. वैताग! मोजायला कुणी नाही म्हणून मोजतच नाही. केस स्वतः धुतले, एका हातानं पाणी, दुसऱ्यानं थोडंफार चोळणं. अर्धा साबण राहिला डोक्यात.

मला तिची आठवण येतेय असं नाही. पण घरात फार शांत आहे, आणि मला शांत आवडत नाही, इतकंच.

तिच्या बहिणीचा पत्ता मेरियनकडून मिळाला, अवातिफनं दवाखान्याच्या कागदावर तो लिहिला होता. कुणीतरी संपर्काला हवं म्हणून. जावं का? जाऊन तिच्या घरात आणखी आग लावावी का?

१८ मे

गेले नाही. मोताझला फोन केला. म्हटलं, बापाला सांग, माझ्या आईला मदत करणाऱ्या बाईशी नीट वाग. तो म्हणाला, "आई, मी त्यांच्याशी फेब्रुवारीपासून बोलत नाही."

४ जून

डॉक्टर. यंत्र, चित्रं, इकडे वळा, तिकडे वळा. खूश झाले. "उत्तम भरलंय. तुमच्या वयाला फारच छान." मी म्हटलं, मग कामाला कधी लागू? हातातलं पेन खाली ठेवलं त्यांनी. पेन खाली ठेवलं की समजायचं.

थोडं थोडं, म्हणाले. कंगवा, कात्री, खांद्याच्या खालचं काम. पण दिवसभर ड्रायर वर धरून उभं राहणं — "ते नको आता. कधीच नको. पुन्हा फाटलं तर शिवायला तिथे कापड उरणार नाही."

मी म्हटलं, मग एवढं कशासाठी केलं? झोळी, झोके, कप्पी, रडणं? ते म्हणाले, "हात वर करून दाखवा." केला. कानाला लागला दंड. म्हणाले, "यासाठी."

बाहेर मेरियननं मिठी मारली. मी खांबासारखी उभी. टॅक्सीवाल्यानं किती वेळा विचारलं कुठे जायचं ते.

७ जून

रीहामला वर बोलावलं. सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते, एकही आठवलं नाही. म्हटलं, "पुढची खुर्ची आजपासून तुझी. मी रंग कालवीन, नवऱ्या मुलींशी बोलेन, गल्ल्यावर बसेन. ब्रशला हात लावणार नाही."

तिला आनंद व्हायला हवा होता. ती रडायला लागली. "ताई, मी तुमची जागा राखत होते हो. मादाम सुआदना मी हजारदा सांगितलं, ताई आल्या की त्याच करतील."

आता मी काय करावं? तिला रुमाल दिला. उजव्या हातानंच दिला, लक्षातही आलं नाही. मग एकदम तिच्यावर ओरडले की आरसा हलवताना मला विचारायला काय झालं होतं! ती डोळे पुसत म्हणाली, "विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

म्हणाले असते.

संध्याकाळी शटर तिनं ओढलं. मी फुटपाथवर उभी राहून बघितलं. तीस वर्षं माझ्या हातानं खाली आलेलं शटर. चीड आली. कुणाची, सांगता येत नाही. देवाची नाही म्हणते, पण जवळपास तिथलीच.

११ जून

अवातिफ. जिन्यात. दोन बॅगा आणि तुळशीसारखं काहीतरी लावलेली एक कुंडी. बारीक झालीय.

"त्यानं सोडलं तुला?"

"त्यानं नाही. मी. काल कोर्टात तलाकसाठी खुलाचा अर्ज दिला. मेहर परत करते म्हटलं, मोकळी करा."

"माझ्यामुळे?"

"जगात सगळं तुझ्या खांद्यामुळेच होतं का गं?"

म्हटलं, "मोताझच्या खोलीत फार धूळ आहे."

"असू दे," म्हणाली, आणि आत आली.